वर्क ऑर्डर, म्हणजे कामाचा लेखी आदेश, हातात नसताना काम चालू करताय? सरकारी ठेक्यातल्या या चुका टाळा

ठाण्यात कोर्ट नाक्यावर बसून ठेकेदारांचे कागद बघतो, आणि दरवर्षी तेच दुखणं घेऊन नवीन पोरं येतात म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक, साहेब बोलले म्हणून जेसीबी लावला. कळव्याचा एक पोरगा, पहिलंच मोठं काम, मे अखेर, नाल्याची भिंत. जेईचा, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याचा, व्हॉट्सॲपवर मेसेज, "उद्यापासून चालू करा, फाईल सहीला गेलीय." याने भिंत उभी केली, पाऊस सुरू झाला, पाणी नीट गेलं, सगळे खूश. मग साहेबांची बदली. नवीन साहेबांनी फाईल उघडली तर मंजुरी नाही, करार नाही, एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, एक ओळ नाही. बायकोचे दागिने गहाण टाकून आलेला तो, समोर बसून नुसता मोबाईल दाखवत होता.

आता कोर्टाचं ऐका. ठाणे असो की नवी मुंबई, महापालिकेचा करार कसा करायचा हे १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात लिहिलंय, तसा झाला नसेल तर महापालिकेवर बंधनकारक नाही. पीडब्ल्यूडीचं, म्हणजे राज्याच्या बांधकाम खात्याचं, काम असेल तर संविधानाचं कलम २९९, म्हणजे करार राज्यपालांच्या नावाने आणि अधिकार असलेल्याच माणसाची सही. नवी मुंबई वसवणारी सिडको ही सरकारची कंपनी आहे, तिथे २९९ नाही, पण सही करणाऱ्याला अधिकार आहे का ते तिथेही बघाच. लोक म्हणतात कोर्ट निष्ठुर आहे, मला नाही पटत, नाहीतर कुठलाही अधिकारी फोनवरून लोकांचा पैसा बांधून टाकेल.

मग सगळं बुडालं का? नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० आहे, फुकट म्हणून न केलेलं काम समोरच्याने वापरलं तर त्याने मोबदला द्यायचा. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल, १९६२, तिथेही नियमाप्रमाणे करार नव्हता, पण गोदामं बांधून घेऊन सरकारने वापरली म्हणून सुप्रीम कोर्टाने मोबदला द्यायला लावला. पण ही वापरलेल्या कामाची वाजवी किंमत, तुमचा टेंडरचा दर हक्काने नाही मिळत. आणि काम झालं हे तुम्हीच सिद्ध करायचं. त्या पोराला वाचवलं ते खडी-सिमेंटच्या डिलिव्हरी चलनांनी, त्याच्या आईने बिस्किटाच्या डब्यात तारखेप्रमाणे लावून ठेवली होती, त्यावर तडजोड झाली, तीही निम्म्याच्या आसपास.

माझी सवय सांगतो, अर्जंट काम तोंडी सांगितलं तर त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र, "आपल्या सूचनेनुसार काम सुरू करत आहे, लेखी आदेश द्यावा", आणि आवक टेबलावर शिक्का मारलेली आपली प्रत. उत्तर आलं नाही तर मशीन परत. घाई असलेल्यांना हे जड जातं, आणि तेच माझ्याकडे येतात.

एक्स्ट्रा आयटम, म्हणजे टेंडरात नसलेलं जादा काम, खोदून झाल्यावर मंजुरी मागू नका.

टेंडर टाळायला कामाचे तुकडे पाडून एकाच माणसाची तीन कोटेशनं, किंवा ठेकेदारांनी आपसात दर ठरवून, रिंग करून भरलेलं टेंडर, असलं घेऊन माझ्याकडे येऊच नका. करार कायद्याच्या कलम २३ वर, म्हणजे बेकायदा हेतूच्या करारावर, अडकलात की ७० पण हात देत नाही.

भिंत मातीत जायच्या आधी, पाया दिसत असतानाच संयुक्त मोजमाप घ्या, जेईची सही तिथेच.

आणि "साहेब देतील" म्हणत बसू नका, दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं, राज्य सरकारवर असेल तर आधी २ महिन्यांची नोटीस, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८०.