गाडीवरचे तर्री पोहे: घरच्या सात प्लेटी

नागपुरात सकाळी कोपऱ्यावरच्या नाश्त्याच्या गाडीवर दोनच भांडी महत्त्वाची असतात. एका परातीत पिवळ्या पोह्यांचा ढीग आणि शेजारी मंद आचेवर ठेवलेल्या गंजात (पातेल्यात) लाल तर्रीचा चण्याचा रस्सा. बसायला जागा नसते, स्कूटरच्या सीटवर प्लेट टेकवून काम भागतं. कस्तुरचंद पार्कापासून गल्लीबोळापर्यंत मसाला गाडीगणिक बदलतो, बेत मात्र तोच. पोहे सौम्य आणि मोकळे, रस्सा पातळ आणि झणझणीत, दोघांची गाठ थेट प्लेटमध्ये. घरी फसतं ते याच जागी: पोहेही तिखट होतात आणि रस्सा भाजीसारखा दाट.

सुरुवात आदल्या रात्री. २०० ग्रॅम काळे चणे भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी चमचाभर मीठ घालून कुकरला ५-६ शिट्ट्या द्या. चणा बोटांत सहज दबला पाहिजे, पण साल सुटता कामा नये. शिजवलेलं पाणी फेकू नका, तेच रश्शात जाणार आहे.

मसाल्यासाठी ५० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा कीस, २ मोठे चमचे धणे, १ चमचा जिरं, १ चमचा खसखस, ८ मिरे, ४ लवंगा, बोटभर दालचिनी, १ मसाला वेलची आणि थोडं दगडफूल मंद आचेवर वेगवेगळं भाजा. एकत्र भाजलं तर धणे होईस्तोवर खसखस करपते. ३ कांदे थोड्या तेलावर तांबूस करा, त्यात १० लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं घाला. सगळं अगदी गुळगुळीत वाटा. भरड वाटणाचा रस्सा चरचरीत लागतो.

तर्री म्हणजे वर तरंगणारं लाल तेल, तेव्हा इथे तेलाला हात आखडू नका. जाड बुडाच्या गंजात १२० मिली तेल तापवा, वाटण घाला आणि कडेने तेल सुटेपर्यंत परता. १२ ते १५ मिनिटं लागतात. मग गॅस बंद करून ३ मोठे चमचे तिखट घाला. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. पण आच चालू असताना तिखट टाकलं तर काही सेकंदांत काळं पडून कडवट होतं. तिखट शक्यतो भिवापुरी मिरचीचं घ्या. नागपूर जिल्ह्यातल्या या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. ती न मिळाल्यास दोन भाग ब्याडगी आणि एक भाग लवंगी.

आता चणे आणि त्यांच्या पाण्यासकट एकूण दीड लिटर गरम पाणी घाला. एक उकळी येऊ द्या, मग आच अगदी कमी करून २५ मिनिटं ठेवा. खळाखळा उकळलं की तेल रश्शात फुटून मिसळतं आणि वर तर्री येत नाही. वाटण कच्चं राहिलं तरी हेच होतं. मीठ किंचित चढं ठेवा.

पोह्यांसाठी ५०० ग्रॅम जाड पोहे घ्या. पातळ पोहे चिवड्याचे, इथे त्यांचा लगदा होतो. पोहे चाळणीत घालून दोन पाण्यांनी धुवा आणि १० मिनिटं निथळू द्या. भिजत ठेवायचे नाहीत. दाणा चिमटीत मोडला, पण पिठूळ झाला नाही, की झालं. मधे कडक लागला तर पाण्याचा एक हबका मारा. ६ मोठे चमचे तेलात मोहरी, जिरं, ५ हिरव्या मिरच्या आणि कढीपत्ता. त्यावर ४ कांदे नुसते मऊ करा, लाल नको. हळद १ चमचा, मीठ दोन चमचे, साखर नाही. पोहे घालून हलक्या हाताने वरखाली करा आणि झाकून मंद आचेवर ४ मिनिटं वाफ द्या. उघड्यावर मोठ्या आचेने परतलेले पोहे वातड होतात.

गाडीवरचे पोहे दोन तास मऊ राहतात, कारण परातीखाली पाणी उकळत असतं. घरी मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा आणि पोह्यांचं भांडं त्यावर झाकून बसवा. झाकणाला आतून कोरडं फडकं बांधा, नाहीतर वाफेचे थेंब पडून मधला थर चिकट होतो.

प्लेटमध्ये आधी पोहे, मग चण्यांसकट एक डाव रस्सा, वर तर्रीचा पातळ थर, कच्चा कांदा, सांभार, लिंबू आणि अगदी शेवटी बारीक शेव. (नागपूरकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्या-मुंबईचा पाहुणा इडलीची वाट बघत बसतो.) रस्सा ओतल्यावर पाचेक मिनिटांत संपवा, नंतर पोहे सगळं शोषून घेतात. म्हणून तर गाडीपाशी दर दोन मिनिटांनी ऐकू येतं, "भाऊ, तर्री टाका अजून."

उरलेले पोहे दुपारी कोणी खात नाही, तेव्हा बेतानेच करा. रस्सा मात्र फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. दुसऱ्या दिवशी गरम आलूबोंड्यावर ओता.