सायलेन्सरमधून काय उडतंय? हेड उतरवण्याआधी घरीच बघा

पार्किंगच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, काळ्या शिंतोड्यांचा पंखा उमटला होता. भिंत दिवाळीआधीच रंगवलेली, त्यामुळे आधी वॉचमनने आणि मग शेजारच्या काकूंनी खाली बोलावून मला तो दाखवला. गाडी एकोणीस वर्षांची. गॅरेजमध्ये नेली, तर गाडी सुरू न करताच निकाल लागला : ‘हेड उतरवावं लागेल.’ म्हणजे इंजिनचा सिलिंडरवरचा झाकणासारखा भाग खोलायचा, मोठं काम. मी गाडी तशीच परत आणली आणि नव्या शर्टाच्या खोक्यातला पांढरा पुठ्ठा शोधला. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

आदल्या रात्री

गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत लावा आणि रात्रभर थंड होऊ द्या. बंद गॅरेजमध्ये ही तपासणी करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे धोका लक्षातच येत नाही.

सकाळी स्टार्टर मारण्याआधी तीन पातळ्या बघा : इंजिन ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी) आणि ब्रेक ऑइल. बाटल्यांवर पेनाने रेघ मारा, डिपस्टिकचा मोबाइलवर फोटो काढा. ‘थोडं कमी झाल्यासारखं वाटतंय’ यावर कुठलाही मेकॅनिक काहीच ठरवू शकत नाही. रेघेखाली बोटभर उतरलंय म्हटलं की तो ऐकतो.

दोन पुठ्ठे

सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर पुठ्ठा उभा करा. गाडी सुरू करून दोन मिनिटं आयडलवर ठेवा, मग कुणाला तरी एक-दोनदा हलकी रेस द्यायला सांगा. पुठ्ठ्यावर ‘थंड’ लिहून बाजूला ठेवा. आता गाडी पंधरा-वीस किलोमीटर नीट पळवून आणा आणि तोच प्रयोग दुसऱ्या पुठ्ठ्यावर करा. खरा निकाल या दुसऱ्या पुठ्ठ्यावर असतो.

दोन्ही पुठ्ठे सावलीत तासभर वाळू द्या. डाग वाळून नुसती काजळीची भुकटी उरली, बोटाने झटकली की गेली, तर ते पाणी. भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक, तेलकट डाग राहिला तर ऑइल. ओला असताना पेट्रोलचा भपकारा आला तर इंधन न जळता बाहेर पडतंय. गोडसर वास आणि चिकट, रंगीत कडा म्हणजे कूलंट. वास पुठ्ठ्याचा घ्या, सायलेन्सरला नाक लावू नका. आणि कूलंट चाखून बघायचा शहाणपणा तर मुळीच नको. इथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारीही. जमिनीवर सांडलं तर लगेच धुऊन टाका, मांजरं-कुत्री चाटतात.

बहुतेकदा पाणीच

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गरम सायलेन्सरमधून ते वाफ होऊन निघून जातं, थंड सायलेन्सरमध्ये मात्र साचतं. आत काजळी असतेच, म्हणून बाहेर काळे शिंतोडे. ‘थंड’ पुठ्ठा भिजलेला आणि ‘गरम’ पुठ्ठा जवळपास कोरडा असेल, तर हेडला हात लावायचं काही कारण नाही.

माझी गाडी रोज अडीच किलोमीटर जात होती आणि तेवढीच परत येत होती. एवढ्यात सायलेन्सर धड तापतही नाही. बऱ्याच सायलेन्सरच्या डब्याला खाली पाणी गळायला बारीक छिद्र असतं. माझ्याकडे तेही चिखलाने बुजलं होतं. थंड असताना तारेने मोकळं केलं आणि आठवड्यातून एकदा गाडी लांब फिरवायला लागलो. पाणी साचत राहिलं तर डबा आतून गंजतो, एवढं मात्र खरं.

काजळी फारच दाट असेल आणि पेट्रोलचा वास असेल, तर मिश्रण गडद झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर आणि प्लग बघा. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत चोक पूर्ण परत जातोय का तेही बघा. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल पातळ झालंय. आधी बिघाड दुरुस्त करा, मग ऑइल बदला, आणि तोवर गाडी पळवू नका.

कूलंटची शंका असेल तर

इथे एक फसगत होते. जुन्या गाड्यांत वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलेलं असतं, मग ना रंग, ना गोड वास. अशा वेळी रेघेवरच भरवसा. बाहेर कुठे गळती नाही, तरी पातळी उतरतेय आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, ही जोडी जमली की हेड गॅस्केटवर, म्हणजे हेडखालच्या सीलवर, संशय घ्यायचा.

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा आणि गाडी सुरू करा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा येतोच. उकळी फुटल्यासारखे सलग येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. इंजिन तापायच्या आत बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. प्लग काढता येत असतील तर ओळीने मांडा : बाकीचे तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर पाणी त्याच सिलिंडरमध्ये जातंय.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका दिसला म्हणून लगेच घाबरू नका. पावसाळ्यात कमी अंतर फिरणाऱ्या गाडीत तो दमटपणानेही येतो. डिपस्टिकवरचं ऑइलही चहासारखं दुधाळ असेल तर मात्र गाडी सुरू करू नका, टोइंग करून न्या.

गाडी ऑइल पितेय?

निळसर धूर कधी येतो त्यावर लक्ष ठेवा. सकाळच्या पहिल्या स्टार्टला, किंवा घाट उतरून पुन्हा अॅक्सिलरेटर दाबल्यावर भपकन येत असेल तर वॉल्व सील, म्हणजे वॉल्वपाशी ऑइल अडवणारी रबरी सीलं, गेलेली. बऱ्याच इंजिनांत ती हेड न उतरवताही बदलता येतात. चढावर, लोडवर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या.

एक कारण गॅरेजमध्येही पटकन सुचत नाही : ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ते बूस्टरमध्ये (पेडल हलकं करणाऱ्या डब्यात) गळतं आणि व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात ओढलं जातं. बाहेर थेंब नाही, पण बाटली रिकामी होत जाते आणि धूर पांढरा. अशी गाडी चालवायचीच नाही.

गॅरेजमध्ये काय मागायचं

दोन्ही पुठ्ठे आणि फोटो सोबत न्या. आधी कूलिंगची प्रेशर टेस्ट करून घ्या. मग रेडिएटरच्या तोंडावर धरायची रसायनाची चाचणी असते : जळका वायू लागला की निळा द्रव पिवळा पडतो. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वॉल्व किंवा गॅस्केट.

एवढं करूनही हेड उतरवायची वेळ आलीच, तर ते सरळ आहे की वाकलंय हे पट्टी लावून समोर बघा आणि गरज असेल तर फेसिंग करून, म्हणजे मशीनवर सपाट करून, घ्या. वाकलेल्या हेडखाली नवं गॅस्केट टाकलं तर तेही टिकत नाही.