जुनी मालिका परत येते तेव्हा: चाहत्यांच्या प्रतिक्रिया कशा वाचाव्यात

एखादी गाजलेली ॲनिमेशन मालिका पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा सुरू होणार असे जाहीर झाले की तिचा पहिला भाग हातावेगळा होण्याआधीच तिच्याविषयीची मते पक्की झालेली असतात. अशा मतांवरून लेख लिहायचा असो, चर्चा घडवून आणायची असो किंवा नवी मालिका पाहावी की नाही एवढेच ठरवायचे असो, प्रतिक्रिया गोळा करणे सोपे असते आणि त्यांचे वजन करणे अवघड. त्यासाठी मी जी पद्धत वापरतो, ती एका साध्या सवयीवर उभी आहे: प्रत्येक प्रतिक्रियेसमोर ती केव्हाची आहे आणि नेमकी कशाबद्दल आहे, या दोन गोष्टी टिपून ठेवायच्या. निम्मे वाद त्या दोन टिपणांनीच निकालात निघतात.

आधी तारीख लिहा

२०१८ मध्ये अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने दोन जुन्या मालिकांच्या नव्या अवतारांची चित्रे बाहेर आली. दोन्ही मूळ मालिका १९८५ मध्ये सुरू झालेल्या होत्या. ‘थंडरकॅट्स रोअर’मध्ये पीळदार शरीराच्या योद्ध्यांचे गोलमटोल, विनोदी पुतळे झाले होते, तर ‘शी-रा’च्या नव्या रूपात नायिका किशोरवयीन दिसत होती. दोन्हींवर चाहत्यांचा राग उसळला आणि दोन्हीकडच्या रागाची भाषाही जवळपास सारखीच होती: ‘आमच्या लहानपणाची थट्टा केली.’ पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. ‘शी-रा’ नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, मे २०२० पर्यंत तिचे पाच हंगाम झाले आणि आज तिची आठवण काढणारे चेहऱ्याच्या रेखाटनाबद्दल क्वचितच बोलतात. ते नायिका अडोरा आणि तिची बालमैत्रीण कॅट्रा यांच्या तुटलेल्या आणि पुन्हा जुळलेल्या नात्याबद्दल बोलतात. ‘थंडरकॅट्स रोअर’ फेब्रुवारी २०२० मध्ये आली आणि एका हंगामावर थांबली. (योगायोग असा की दोन्हींचे भाग मोजले तर प्रत्येकी ५२ च भरतात.)

पहिल्या चित्रावरचा राग पुढे काय होणार हे सांगत नाही, म्हणून मालिका सुरू होण्यापूर्वीची प्रतिक्रिया मालिकेच्या दर्जाचा पुरावा म्हणून वापरू नका. ती फेकूनही देऊ नका, कारण जुन्या चाहत्यांना मूळ मालिकेतले काय आपले वाटते हे तिच्याइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही. ‘रॉटन टोमॅटोज’ या समीक्षा-संकलनाने २०१९ मध्ये प्रदर्शनापूर्वी प्रेक्षकांनी मत नोंदवण्याची सोय बंद केली, ती याच गोंधळामुळे. न पाहिलेल्या कलाकृतीवरचे मत ही अपेक्षा असते, परीक्षण नव्हे.

प्रदर्शनानंतरच्या प्रतिक्रियांनाही वेळ असते. ‘समुराई जॅक’ ही मालिका २००४ मध्ये कथा अर्धवट ठेवून थांबली होती आणि मार्च २०१७ मध्ये दहा भागांच्या शेवटच्या हंगामासाठी परत आली. सुरुवातीच्या भागांचा थकलेला, दाढी वाढलेला, अपराधाने पोखरलेला जॅक चाहत्यांनी डोक्यावर घेतला. मे महिन्यात शेवटचा भाग आल्यावर मात्र त्याच चाहत्यांमध्ये दोन तट पडले, कारण अनेकांना शेवट घाईघाईने गुंडाळल्यासारखा वाटला. तुमच्या टिपणात मार्चची आणि मेची मते तारखेविना एकत्र पडली, तर ‘मालिकेबद्दल संमिश्र मते आहेत’ असे एक निरुपयोगी वाक्य तेवढे हाती उरेल.

मी घोषणा, पहिला भाग, मध्य आणि शेवट असे चार टप्पे धरतो. आठवड्याला एक भाग येणाऱ्या मालिकेत मधला टप्पा विशेष महत्त्वाचा असतो. ‘एक्स-मेन ’९७’ येण्याआधीची कुरबुर रोग या पात्राचा बांधा बदलला का, यासारख्या प्रश्नांभोवती फिरत होती. एप्रिल २०२४ मध्ये पाचव्या भागात जेनोशा या म्युटंट लोकांच्या बेटावरचा हल्ला दाखवला गेला आणि त्यानंतरच्या प्रतिक्रियांत शोक, धक्का आणि कथेचे धाडस याखेरीज फारसे काही शिल्लक राहिले नाही. सगळे भाग एकाच दिवशी आले असते, तर तो आठवडाभराचा सुन्नपणा नोंदवायला कोणाकडे वेळच उरला नसता.

मूळ मालिका पुन्हा पाहा, आठवणीवर विसंबू नका

हे काम बहुतेक जण टाळतात. किमान तीन भाग पाहावेत: पहिला, सर्वांना आठवणारा एखादा, आणि मधला कोणालाही न आठवणारा एखादा. तिसरा भाग सर्वांत जास्त शिकवतो, कारण मालिका रोजच्या दिवशी कशी होती ते त्यातच दिसते.

ही-मॅनची १९८३ ते १९८५ मधली मालिका माझ्या आठवणीत अखंड, वेगवान हाणामारीची होती. पुन्हा पाहताना लक्षात आले की तोच धावण्याचा तुकडा, तीच तलवार उंचावण्याची ओळ आणि तोच वळून मारलेला ठोसा भागामागून भाग जसाच्या तसा परत येतो. १३० भाग काढायचे म्हणून निर्मात्यांनी चित्रांचा एक साठा करून ठेवला होता आणि पार्श्वभूमी बदलून तो पुन्हा पुन्हा वापरला होता. यात दोष काढायचा नाही. त्या काटकसरीतूनच त्या मालिकेची लय घडली. परंतु ‘पूर्वी किती मेहनत घ्यायचे’ या प्रतिक्रियेचे काय करायचे, हे असे भाग पाहिल्यावर आपोआप कळते.

त्याच वेळी काही तक्रारी दिसतात त्यापेक्षा अधिक खऱ्या असतात. ‘नवे चित्र फारच स्वच्छ वाटते’ हे वाक्य जुन्या चाहत्यांच्या तोंडी हमखास येते आणि तरुण प्रेक्षक त्यावर हसतात. पण पूर्वी पारदर्शक सेलवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर, हाताने रंग भरून, तो पार्श्वभूमीवर ठेवून कॅमेऱ्याने फिल्मवर टिपला जाई. फिल्मचा रवाळपणा, रंगातला बारीक फरक, कधी सेलची पुसट सावली हे सर्व चित्राचा भाग होऊन बसे. संगणकावर भरलेला रंग सपाट आणि अचूक असतो. शिवाय जुनी चौकट जवळजवळ चौरस, म्हणजे ४:३ प्रमाणाची होती आणि आताची १६:९ आहे, त्यामुळे दोन पात्रांच्या संवादात बाजूला मोकळी जागा पडते. त्या प्रेक्षकाला कारण सांगता आले नाही तरी डोळ्याला फरक बरोबर कळलेला असतो. अशा वेळी तक्रार नोंदवा आणि शेजारी कारण तुम्ही लिहा.

पुनरागमन कोणत्या प्रकारचे आहे ते ठरवा

‘एक्स-मेन ’९७’ने १९९७ मध्ये थांबलेली कथा पुढे नेली. २०१७ ची ‘डकटेल्स’ १९८७ च्या मालिकेची पात्रे घेऊन नव्याने सुरू झाली. २००९ ची ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड’ आधीच्या ॲनिमेपेक्षा (जपानी ॲनिमेशन मालिकेपेक्षा) मूळ मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, जवळ राहावी या हेतूने निघाली, आणि २०१३ च्या ‘टीन टायटन्स गो!’ने गंभीर मालिकेतली तीच मंडळी घेऊन निव्वळ विनोद केला. पुढे नेलेल्या कथेवर ‘पात्र असे वागणार नाही’ हा आक्षेप वजनदार असतो. नव्याने सुरू केलेल्या कथेवर तोच आक्षेप फारसा टिकत नाही, कारण तिथे पात्रच नव्याने घडवले जात असते.

सर्वांत जास्त चिडचिड होते ती प्रकाराबद्दल गैरसमज झाल्यावर. ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स: रेव्हलेशन’ जुलै २०२१ मध्ये आली तेव्हा समीक्षकांची पसंती आणि प्रेक्षकांची नाराजी यांत मोठी दरी दिसली. (ज्यांना ती अजून पाहायची आहे त्यांनी पुढचे वाक्य सोडावे.) ही-मॅनची मालिका म्हणून बसलेल्या प्रेक्षकांसमोर पहिल्याच भागात नायक मरतो आणि कथा त्याची सहकारी टीला हिच्या हाती जाते. त्या प्रतिक्रिया चाळताना ‘कथा वाईट आहे’ आणि ‘मला वेगळेच सांगितले होते’ असे दोन गट पाडावे लागतात. दुसरा गट जाहिरातीबद्दल बोलत असतो. काही प्रतिक्रियांत नाराजीचे खरे कारण स्त्री पात्र पुढे आले एवढेच असते. तेही ओळखून वेगळे ठेवावे, मात्र प्रत्येक नाराज माणसावर तो शिक्का मारू नये.

आवाज हा स्वतंत्र रकाना ठेवा

फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्युचरामा’ परत येणार असल्याचे जाहीर झाले, पण बेंडर या यंत्रमानवाचा आवाज देणारे जॉन डिमॅजिओ यांच्याशी करार झालेला नव्हता. चाहत्यांनी इतका गलका केला की त्या प्रकरणाला ‘बेंडरगेट’ असे नावच पडले. मार्चमध्ये डिमॅजिओ परतत असल्याचे जाहीर झाले. चित्र बदलले तर चाहता कुरकुरतो, आवाज बदलला तर त्याला माणूस बदलल्यासारखे वाटते.

तरीही आवाजाला सर्वस्व मानू नका. ‘टीन टायटन्स गो!’मध्ये पाचही प्रमुख पात्रांचे मूळ आवाज कायम होते आणि तरी जुने चाहते संतापले. ‘डकटेल्स’मध्ये डोनाल्डचा सोडला तर प्रमुख पात्रांचे आवाज बदलले, एकाच आवाजात बोलणाऱ्या तीन भाच्यांना तीन निराळे आवाज आणि स्वभाव मिळाले, आणि तरी जुन्या चाहत्यांनी तिला आपले मानले. ज्यांनी मूळ मालिका डबिंगमधून पाहिली त्यांचा ‘खरा’ आवाज मूळ कलाकाराचा नसतोच, हेही नोंदवताना विचारून घ्यावे.

एक वाक्य जवळून पाहू

‘मालिकेचा आत्माच हरवला.’ हे वाक्य तुम्हाला प्रत्येक पुनरागमनानंतर मिळेल आणि जसेच्या तसे ते कोणत्याच कामाचे नसते. बोलणारा समोर असेल तर एकच प्रश्न विचारा: ‘कोणत्या प्रसंगात तसे वाटले?’ प्रसंग सांगता आला तर वाक्याचे परीक्षण झाले. ‘शेवटी ते सगळे एकत्र बसून खायचे, ते आता नाही’ असे उत्तर आले, तर हरवलेली गोष्ट म्हणजे भागाच्या शेवटची निवांत दोन मिनिटे आहेत आणि ती तुम्ही घड्याळ लावून तपासू शकता. प्रसंग सांगता आला नाही आणि उत्तर ‘तेव्हा शाळेतून येऊन पाहायचो’ असे आले, तर ते बोलणे मालिकेबद्दल नाही. तेही मोलाचे आहे. फक्त ते आठवणींच्या रकान्यात जाते. ‘अप्रतिम, अंगावर काटा आला’ या कौतुकालाही हाच प्रश्न विचारायचा, आणि तो विचारायला मात्र आपण विसरतो. काटा शीर्षकसंगीत वाजल्यावर आला असेल, तर श्रेय जुन्या संगीतकाराचे आहे.

मोजदाद करताना एका माणसाची दहा मते एकदाच धरा, आणि मूळ मालिका कधीच न पाहिलेल्या मुलांचे मत वेगळ्या पानावर लिहा. जुन्या चाहत्यांच्या आवाजात ती मुले ऐकू येत नाहीत, पण मालिका अनेकदा त्यांच्यासाठीच काढलेली असते.

शेवटी, प्रतिक्रिया आली तेव्हा जे पडद्यावर होते तेच आजही आहे का ते पाहून घ्या. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘सेलर मून क्रिस्टल’च्या चित्रांवर बरीच टीका झाली आणि २०१६ च्या तिसऱ्या हंगामात दिग्दर्शकासह पात्रांचे रेखाटनही बदलले. ‘ड्रॅगन बॉल सुपर’च्या पाचव्या भागातली ओबडधोबड चित्रे ऑगस्ट २०१५ मध्ये चेष्टेचा विषय झाली होती, ब्लू-रे आवृत्तीत त्यांतली काही सुधारून घेतली गेली. त्यामुळे त्या भागावरची तक्रार टिपताना बोलणाऱ्याने दूरचित्रवाणीवरची आवृत्ती पाहिली होती की ब्लू-रेवरची, हे तारखेच्या शेजारीच लिहून ठेवा.