पिकअपची बांधणी दुर्गम वाटांसाठी : आधी वजन, मग पाटे

भारतात खासगी वापरासाठी फोरबायफोर पिकअप घ्यायचा म्हटले की प्रामुख्याने दोन नावे समोर येतात, इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स. दोन्हींच्या पुढच्या चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक धरणाऱ्या वरखाली दोन भुजा, म्हणजे आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग. पुढील मजकूर दोन्हींना लागू पडतो. आकडे मात्र हायलक्सचे घेतले आहेत.

बहुतेक मालक आधी बंपर आणि दिवे घेतात, मग मोठे टायर, मग गाडी उंच करतात आणि सहलीच्या आदल्या रात्री हौद्यात सामान भरतात. हा क्रम पूर्णपणे उलटा आहे. गाडी कायम किती वजन वाहणार हे ठरल्याशिवाय स्प्रिंग निवडता येत नाहीत, आणि स्प्रिंग चुकले की बाकीचा खर्च पाण्यात जातो.

वजनकाटा

सहलीला नेतो ते सर्व सामान भरा, डिझेलची टाकी पूर्ण करा, प्रवाशांना बसवा आणि दगडखाणीजवळचा किंवा साखर कारखान्याच्या वाटेवरचा वजनकाटा गाठा. आधी पूर्ण गाडीचे वजन घ्या, मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. काट्याचे किरकोळ पैसे वाचवण्यासाठी ही पायरी गाळणाऱ्याला पुढे काही सांगण्यात अर्थ नाही. टपावरचा तंबू साठ किलोंच्या आसपास असतो, चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, त्यात फ्रीज, दुसरी बॅटरी, हौद्यावरचे छत आणि हत्यारे आली की मागच्या ॲक्सलवर आपल्या अंदाजापेक्षा किती तरी अधिक भार पडलेला दिसतो. बेरीज गाडीच्या नोंदणीपत्रातील एकूण वजनमर्यादेच्या पुढे जात असेल, तर सामान कमी करणे एवढाच उपाय आहे. जाड पाटे टाकल्याने गाडीचा मागचा भाग बसणे थांबते; चेसिस, ब्रेक आणि ॲक्सल यांची क्षमता त्याने तसूभरही वाढत नाही आणि कायद्याची मर्यादाही बदलत नाही.

टायर

मागच्या डिफरन्शियलची (ॲक्सलच्या मधोमध असलेल्या गिअरच्या गोळ्याची) जमिनीपासूनची उंची केवळ टायरनेच वाढते, कारण गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटने चेसिस वर जाते आणि मागचा ॲक्सल होता तिथेच राहतो. २६५/६५ आर १७ ऐवजी २६५/७० आर १७ लावला तर व्यास सुमारे ७७६ मिलिमीटरवरून ८०३ होतो, म्हणजे ॲक्सल जेमतेम १३ मिलिमीटर वर येतो; स्पीडोमीटर मात्र प्रत्यक्षापेक्षा साधारण साडेतीन टक्के कमी वेग दाखवू लागतो. त्यापुढे जाऊ नये. स्पितीतल्या दगडगोट्यांना आणि कोकणातल्या जांभ्याला ऑल टेरेन टायर पुरतो. मड टेरेन टायर खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो पावसाळ्यात काळ्या मातीत, जिथे ऑल टेरेनच्या खाचा चार फेऱ्यांत भरून टायर गुळगुळीत होतो. पण त्यासाठी वर्षभर महामार्गावर त्याची घरघर आणि ओल्या डांबरावरची कमी पकड सोसावी लागते.

गाडी उंच करणे

या टप्प्याने मला दीर्घकाळ दमवले आणि याच टप्प्याबद्दल सर्वाधिक चुकीचे सल्ले दिले जातात, म्हणून येथे घाई करणार नाही.

चाळीस मिलिमीटर वाढीव उंची पुरे, पन्नास ही कमाल. पुढच्या चाकांना फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट गाडी वर गेल्यावर अधिक तिरके होतात, त्यांचे रबरी बूट फाटू लागतात आणि आत धूळ गेली की सांधा संपतो. पंचाहत्तर मिलिमीटरची गाडी चहाच्या टपरीसमोर रुबाबदार दिसते एवढेच. हायलक्सचा व्हीलबेस ३०८५ मिलिमीटर असल्यामुळे चढावाच्या माथ्यावर तिचे पोट घासते, हे खरे. परंतु त्यावर उपाय म्हणजे खालची जाड संरक्षक प्लेट आणि योग्य वाट निवडणे.

स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअप आणि कॉइलच्या एकत्र जोडणीच्या) डोक्यावर ठेवायचा स्पेसर, म्हणजे जाड चकती, घेऊ नका. तो स्वस्त असतो आणि दोन तासांत बसतो, त्यामुळे गॅरेजवाले तोच सुचवतात. पण स्पेसर पूर्ण स्ट्रटच खाली ढकलतो, परिणामी चाक लोंबते तेव्हा मूळ रचनेपेक्षा खाली जाते, आणि वरचा बॉल जॉइंट व ड्राइव्ह शाफ्ट आपल्या टोकाच्या कोनाला जाऊन आदळतात. उंची हवी असेल तर ती स्प्रिंग बदलून आणि त्याला जुळणारे शॉकअप घेऊनच मिळवावी. मागे जास्तीचा एक पाटा घुसवण्याचा उपायही असाच. रिकामी गाडी त्याने लाकडी होते. पाट्याचे टोक चेसिसला जोडणारे शॅकल लांब लावल्यास डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या पिनियनचा कोन बिघडून थरथर सुरू होते. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन यांसारख्या ऑस्ट्रेलियन किटमध्ये मागचे पाटे कायमस्वरूपी वजनाच्या टप्प्यांनुसार मिळतात. वजनकाट्याची चिठ्ठी येथे कामाला येते. वर्षातून एकदा तीनशे किलो नेणाऱ्याने तीनशे किलोंचे पाटे घेऊ नयेत; पाटे रोजच्या वजनाला निवडायचे असतात.

काम सुरू करण्याआधी चारही बाजूंना चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधील हवा त्यात घोळ घालते. स्ट्रटमधील कॉइल दाबून काढणे हे काम भिंतीला पक्क्या बसवलेल्या यंत्रावरच करून घ्यावे. बाजारात मिळणाऱ्या, कॉइल दाबायच्या हुकांच्या जोडीने ते अंगणात करू नये. दाबलेली कॉइल सुटली तर जबडा किंवा हात जातो, आणि या बाबतीत मी कोणाशीही वाद घालत नाही.

आता खरी मेख. कंट्रोल आर्मचे आणि पाट्याच्या पुढच्या टोकाचे बुश म्हणजे दोन धातूच्या नळ्यांमध्ये चिकटवलेले रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पकडली जाते आणि त्यानंतर आर्म वरखाली होतो तो केवळ रबर पिळले गेल्यामुळे. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी टांगलेली असते, चाके लोंबत असतात, मिस्त्रीचा हात सहज पोहोचतो, आणि तो त्याच अवस्थेत सगळे बोल्ट आवळून टाकतो. गाडी खाली उतरताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. सुरुवातीला हे चांगलेच वाटते, कारण पिळलेले रबर स्प्रिंगसारखे वागून गाडीला थोडी जास्त उंची देते. मग काही महिन्यांत रबर फाटते, खड्ड्यात खटखट सुरू होते, आणि दोष किटवर ढकलला जातो.

म्हणून बुशचे सर्व बोल्ट आधी हातानेच सरकते ठेवावेत. गाडी चाकांवर उतरवावी, पुढेमागे काही मीटर ढकलावी, चारही कोपरे दाबून सोडावेत, आणि मग चार खांबी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर, म्हणजे चाकांवर पूर्ण वजन असताना, टॉर्क पान्ह्याने उत्पादकाच्या आकड्याप्रमाणे आवळावेत. गॅरेजमध्ये स्वतः उभे राहून हे करून घ्या. मिस्त्री हसला तर हसू द्या.

मागच्या पाट्यांचा सेंटर बोल्ट ॲक्सलवरच्या छिद्रात नीट बसला आहे का, हे बोटाने चाचपून पाहावे. तो काठावर राहिला तर ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी एका अंगाने चालते. यू-बोल्ट नेहमी नवेच घ्यावेत, कारण एकदा ताणून आवळलेले बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाहीत. ब्रेकची नळी आणि एबीएसची तार चाक पूर्ण लोंबवून ताणली जात नाही ना, ते बघावे. जुन्या पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांड्याने जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच झाली की त्याला हौदा रिकामा आहे असे वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो, त्यामुळे त्याचा दांडा नव्याने जुळवणे अनिवार्य आहे. गाडी जागेवरून उठताना थरथरत असेल तर प्रॉपेलर शाफ्टचे मधले बेअरिंग थोडे खाली घ्यावे लागते.

त्यानंतर अलाइनमेंट. बहुतेक दुकानांत फक्त टो (चाके पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप) जुळवून पैसे घेतात आणि ‘या गाडीत कॅस्टर बदलता येत नाही’ असे ठामपणे सांगतात. हायलक्सच्या खालच्या आर्मला त्यासाठीच कॅम बोल्ट, म्हणजे फिरवून आर्म सरकवणारे बोल्ट, दिलेले आहेत. गाडी उंच केल्याने कॅस्टर घटतो, म्हणजे चाकाचा वळण्याचा अक्ष मागे कललेला असतो तो सरळ होत जातो, आणि मग द्रुतगती मार्गावर स्टिअरिंग सतत सावरावे लागते. कामाआधीचा आणि नंतरचा छापील कागद मागा. कॅस्टर कंपनीच्या मर्यादेत येत नसेल तर उंची जास्त झाली आहे किंवा वरचे आर्म बदलावे लागणार आहेत. तिसरी शक्यता नाही.

ब्रीदर, टोचन आणि उरलेले

ॲक्सल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरला, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या तोंडाला, नळी लावून ती इंजिनाच्या कप्प्यात वर नेऊन ठेवा. तापलेला डिफरन्शियल बर्फाच्या पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. हिमाचलातल्या छतडू ते बातल रस्त्यावरचे नाले ओलांडणाऱ्याला स्नॉर्केलआधी (इंजिनाला हवा टपाच्या उंचीवरून देणाऱ्या नळकांड्याआधी) हीच नळी हवी. स्नॉर्केल इंजिनाला वाचवतो, पण त्यामुळे गाडी अधिक खोल पाण्यात नेण्याचा परवाना मिळत नाही. दुपारी बर्फ वितळून त्या नाल्यांचे पाणी चढते, त्यामुळे ते सकाळीच पार करावेत.

टोचनासाठी चेसिसला बोल्टने जोडलेले, क्षमता लिहिलेले हुक पुढेमागे हवेत. ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवून कधीही ओढू नये. गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा येतो.

लोखंडी बंपर आणि बुलबार मी लावत नाही. त्यांवर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये कारवाईचे निर्देश दिले आहेत. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर जाणारा कोणताही बदल अडचणीत आणू शकतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलामागे प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. टायर आणि लिफ्टही यातून सुटत नाहीत. त्यामुळे किट मागवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारणा करावी. तोंडी ‘चालतं हो’ अपघातानंतर कोणाला आठवत नाही.

पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्ह्याने तपासा, मडगार्डचे अंतर पुन्हा मोजा, स्प्रिंग बसले असतील तर अलाइनमेंट पुन्हा करा, आणि हेडलाइटचा झोत खाली घ्या. गाडीचे नाक वर गेल्यावर तो समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो, आणि हे काम एका स्क्रूचे आहे.