पिल्लाची शी खाण्याची सवय कशी मोडावी

घरात दीड-दोन महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू आले, की पहिला आठवडा कौतुकात जातो आणि दुसऱ्या आठवड्यात ते गच्चीच्या कोपऱ्यात स्वतःचीच शी खाताना कोणाच्या तरी दृष्टीस पडते. अमळनेरला आमच्या घरी भुरी नावाचे गावठी मादी पिल्लू आणले, तेव्हा नेमके हेच घडले. शेजारच्या आजींनी दारातूनच निदान केले, "तिले भूक लागनी व्हई." कोणी म्हणाले नाक घासा, कोणी म्हणाले शीवर लाल तिखट टाका, आणि मी कोणाचेही न ऐकता ओरडत तिच्या अंगावर धावलो. तिने उरलेली शी घाईघाईने गिळून टाकली. पुढचे चार दिवस मी गच्चीवर पाऊल ठेवले, की ती आधी शी संपवायची आणि मग शेपटी हलवायची. आजींचे निदान बरेचसे बरोबर होते, हे नंतर कळले; माझे ओरडणे मात्र सर्वस्वी चुकीचे होते.

ही सवय पाहून किळस येते, पण पिल्लाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. जन्मल्यावर पहिले सुमारे तीन आठवडे पिलांना आपणहून शी-शू करता येत नाही. आई त्यांना चाटून ती करवते आणि जागा स्वच्छ राहावी म्हणून स्वतःच खाऊन टाकते. पुढे जगातली प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहण्याचे वय येते आणि त्यात शीचीही पाळी लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक संशोधकांनी २०१८ मध्ये कुत्र्यांच्या मालकांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सुमारे १६ टक्के कुत्री वारंवार विष्ठा खाणारी निघाली आणि ती खात असलेली विष्ठा बहुतेक वेळा दोन दिवसांच्या आतली, म्हणजे ताजी होती. जंतांची अंडी विष्ठेत पडल्यावर बाधक व्हायला काही दिवस लागतात, तेव्हा निवाऱ्याजवळची घाण ताजी असतानाच संपवण्याची ही लांडग्यांपासून आलेली खोड असावी, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. त्याच पाहणीत ही सवय मोडण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि पावडरींचा गुण जेमतेम शून्य ते दोन टक्के मालकांना आला होता, आणि सराईत झालेल्या कुत्र्यांना शिकवून सुधारण्यातही फारसे यश दिसले नव्हते. म्हणून औषध शोधत बसण्यापेक्षा, सवय मुरण्याआधी, शी पडल्यानंतरची पहिली एक-दोन मिनिटे आपल्या ताब्यात घेणे हाच खरा उपाय आहे. पुढे जे सांगितले आहे ते सर्व याच एका गोष्टीच्या मदतीला आहे.

आरंभ तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापासून करावा. जाताना त्याच सकाळची शी, बोरभर एवढी, झाकणाच्या स्वच्छ डबीत न्यावी. उन्हाळ्यात ती डबी स्कूटरच्या डिकीत तासभर पडू देऊ नये, कारण तापलेल्या नमुन्यातून तपासणाऱ्याला काही कळत नाही. जंतांची अंडी आणि जिआर्डिया (आतड्यात राहणारा सूक्ष्म परजीवी) यांची तपासणी मागावी, पिल्लाचे वजन करून घ्यावे आणि जंताचे औषध वजनानुसार डॉक्टरांकडूनच घ्यावे. पिलांना साधारणपणे दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, आणि तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंताचे औषध देतात. गावठी पिल्लू उचलून आणलेले असेल, तर यातले बहुधा काहीच झालेले नसते. पोटातले जंत खाल्लेल्या अन्नात वाटेकरी होतात, पिल्लू कायम भुकेले राहते आणि मिळेल त्यावर तोंड टाकते. याच भेटीत लसीकरणाचाही विषय काढावा. लसी पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेजवळ पिल्लाला फिरकू देऊ नये, कारण पार्व्हो या पिलांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू विष्ठेतून पसरतो आणि जमिनीत कित्येक महिने टिकतो. पिल्लू भरपूर खाऊनही खंगत असेल आणि त्याची शी फिकट, तेलकट व ढीगभर पडत असेल, तर स्वादुपिंडाचा दोष असू शकतो, हेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

दुसरी गोष्ट अन्नाची, आणि आपल्या भागात खरी गोम इथेच असते. खानदेशात पिल्लाचे अन्न म्हणजे दूध-भाकरी, हे इतके ठरलेले आहे, की कोणी त्याचा विचारही करत नाही. ज्वारीच्या भाकरीने पिल्लाचे पोट भरते, पण अंग भरत नाही. वाढत्या पिल्लाला प्रथिने पुष्कळ लागतात आणि ती भाकरीतून पुरेशी मिळत नाहीत. आईचे दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होत जाते, त्यामुळे म्हशीचे वाटीभर दूध अनेक पिलांना ढाळ लावते. अर्धवट पचलेले अन्न शीतून बाहेर पडले, की त्या शीला अन्नाचाच वास येतो, आणि पिल्लाने तिला अन्न मानले तर त्याला काय बोल लावायचा? भुरीला आम्ही दिवसातून दोनदा वाडगाभर दूध-भाकरी देत होतो आणि आपण तिचे फार लाड करतो आहोत, अशी आमची समजूत होती.

तयार पपी फूड देणार असाल, तर पिशवीवरच्या तक्त्यातला आकडा हा एका वेळचा नसून दिवसभराचा असतो, हे नीट वाचून घ्यावे. यात चुकणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि अति खाल्लेलेही न पचताच बाहेर येते. घरचे द्यायचे असेल, तर उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेले उकडलेले चिकन, त्यात मऊ भात आणि थोडीशी कुस्करलेली भाकरी, मीठ-तिखट न घालता द्यावे, आणि कॅल्शियमसारख्या पूरक गोष्टींचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. ताटातले उरलेले मात्र देऊ नये. आपल्या वरणाला लसणाची फोडणी असते, भरताला कांद्याची पात असते, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात. तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसाचे अन्न चार वेळांत, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळांत आणि पुढे दोन वेळांत विभागावे. अन्न बदलायचे असेल, तर सात ते दहा दिवसांत जुने कमी आणि नवे जास्त करत न्यावे. एकदम बदलले की जुलाब होतात आणि आपली वेळ साधण्याची सगळी योजना कोलमडते.

आता मुख्य काम. तीन दिवस भिंतीवर एक कागद लावून पिल्लाने केव्हा खाल्ले, केव्हा झोपून उठले आणि केव्हा शी केली, हे घरातल्या ज्याच्या लक्षात येईल त्याने लिहावे. पोटात अन्न पडले की आतडी हलू लागतात, त्यामुळे बहुतेक पिले खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, तसेच झोपून उठल्याबरोबर आणि खेळ संपता संपता शीला बसतात. तीन दिवसांत आपल्या पिल्लाचा काटा कळतो. भुरीचा बारा-पंधरा मिनिटांचा होता. चौथ्या दिवसापासून त्या वेळेच्या थोडे आधी पिल्लाला चार-पाच फुटांच्या दोरीने, मोकळे कधीही नाही, एका ठरलेल्या जागी न्यावे आणि झाडासारखे उभे राहावे. बोलू नये, हाका मारू नयेत.

पिल्लू गोल फिरून बसले, की आपला हात आधीच खिशातल्या खाऊवर असला पाहिजे. शी करून ते अंग वर उचलते आणि वळून मागे हुंगायला जाते, या दोन हालचालींच्या मधे जेमतेम एक श्वास एवढा वेळ असतो. त्याच क्षणी आनंदी आवाजात "ये" म्हणावे, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा थेट नाकासमोर धरावा, आणि तो तुकडा हातात तसाच ठेवून पिल्लाला चार पावले आपल्यामागे आणून मग द्यावा. शाकाहारी घरात पनीरचा कण चालतो. कोरडी बिस्किटे मात्र ताज्या शीच्या वासापुढे फिकी पडतात. पिल्लू तुकडा चघळत असताना दोरी एका हातात आखूड धरून दुसऱ्या हाताने शी जुन्या वर्तमानपत्रात उचलावी. हे दर वेळी करावे, रात्री अकरा वाजताही. सात-आठ दिवसांनी भुरी शी करून उठली आणि मागे न वळता माझ्या खिशाकडे पाहू लागली. दुसऱ्या पिल्लाला तीन आठवडेही लागतील. त्यानंतरही महिनाभर दोरी सोडू नये.

याच काळात घरात "सोड" हा शब्द शिकवावा. बंद मुठीत खाऊ धरावा; पिल्लू मूठ चाटेल, नखे मारेल, आपण हलू नये; ते कंटाळून तोंड मागे घेईल त्याच क्षणी "सोड" म्हणून दुसऱ्या हातातला अधिक चांगला तुकडा द्यावा. ते जमले की खाऊ जमिनीवर तळहाताखाली, मग उघडा, मग दोरीने जवळून जाताना, आणि सर्वांत शेवटी बाहेर शीपाशी, असा क्रम ठेवावा. आमच्याकडे यात एक गंमत झाली. आजी "आठे ये" म्हणायच्या, मुले "इकडे ये" म्हणायची, मी "कम" म्हणायचो, आणि भुरी तिघांकडे आळीपाळीने बघत शीकडेच जायची. शब्द अहिराणी असो वा मराठी, घरातल्या सर्वांचा एकच असावा. आम्ही शेवटी आजींचा "आठे ये" आणि "सोडी दे" हेच कायम केले, कारण आजी बदलणार नव्हत्या.

इतके करूनही एखाद्या वेळी पिल्लू खाताना सापडेल. तेव्हा धावू नये, ओरडू नये, जबडा उघडून काढायला जाऊ नये. आपण धावलो की त्याला वाटते, ही चीज मौल्यवान आहे आणि दुसऱ्यालाही हवी आहे. उलट दिशेने दोन पावले जाऊन हाक मारावी, आले की खाऊ द्यावा, मग जागा साफ करावी. शीत नाक घासणे किंवा मारणे याने पिल्लू एवढेच शिकते, की माणसासमोर शी करणे धोक्याचे आहे. मग ते पलंगाखाली लपून करते आणि पुरावा राहू नये म्हणून खाऊनही टाकते. तिखट टाकण्याने तोंड आणि पोट भाजते, सवय सुटत नाही. फिनाईल ओतणे किंवा डांबरगोळ्या टाकणे हे तर विषप्रयोगच आहेत. अननस आणि पपई अन्नात कालवण्याचा सल्ला अनेक जण देतात. लहानशा फोडीने अपाय होत नाही, पण त्यावर विसंबून शी उचलण्यात आळस केला, तर सवय आहे तिथेच राहते.

खानदेशातला उन्हाळा यात वेगळी अडचण घालतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, गच्चीची फरशी पाय ठेवू देत नाही, आणि पिल्लू सकाळी दहापासून सायंकाळी सहापर्यंत एका खोलीत किंवा जिन्याखाली कोंडलेले राहते. कोंडलेल्या जागेतच शी करावी लागली, की जागा साफ करायला पिल्लाकडे तोंडाखेरीज दुसरे काय असते? शिवाय रिकामपण असतेच. म्हणून झोपण्याची जागा आणि शीची जागा यांत अंतर ठेवावे, दुपारी तासा-दोन तासांनी कोणीतरी डोकावावे, आणि दुपारच्या अन्नातले थोडे जाड गोणपाटाच्या घड्यांत लपवून ते हुंगून शोधायला लावावे. गोणपाट चावून गिळणारे पिल्लू असेल, तर समोर बसूनच. फिरायला सकाळी सहाच्या आत किंवा दिवस मावळून फरशी निवल्यावर न्यावे. घट्ट मुसके बांधून ठेवण्याचा मोह उन्हाळ्यात कटाक्षाने टाळावा, कारण कुत्रे मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करते.

शेतावर राहणाऱ्या पिल्लाचे काम अधिक कठीण आहे. तिथे गोठ्यातले शेण, शेळ्यांच्या लेंड्या, मांजराची घाण आणि गावाबाहेरची गोदरी (उघड्यावर शौचाला बसण्याची जागा), असे चहूकडे मांडून ठेवलेले असते. सगळे उचलणे शक्य नाही, तेव्हा शी करतानाची दोरी आणि "सोड" यांवरच भर द्यावा, आणि जनावरांना जंताचे औषध पाजले असेल तर त्यानंतर काही दिवस पिल्लाला गोठ्यापासून दूर बांधावे, कारण त्या औषधाचा अंश शेणात उतरतो. घरात आधीचे मोठे कुत्रे असेल, तर त्याचीही शी तितक्याच तत्परतेने उचलावी. उचललेली शी खड्ड्यात पुरावी, भाजीच्या वाफ्यात टाकू नये. कुत्र्याच्या गोलकृमीची अंडी मातीत दोन ते चार आठवड्यांत बाधक होतात आणि त्याच मातीत मुले खेळतात. शी खाल्लेल्या पिल्लाने मुलांचे तोंड चाटू नये, त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

शीत रक्त आले, उलट्या सुरू झाल्या, पिल्लू मलूल पडले किंवा पाणीही पिईना, तर सवयीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बहुतेक पिलांची ही खोड वर्षाच्या आत सुटते. वर्ष-दोन वर्षांच्या कुत्र्याने एकाएकी सुरुवात केली, तर मात्र रक्त तपासून घ्यावे, आणि त्याला स्टेरॉइडसारखे भूक वाढवणारे औषध चालू असेल तर तेही सांगावे. भुरी आता दीड वर्षाची आहे. गच्चीवर ती शीकडे ढुंकूनही पाहत नाही, पण दिवाळीत शेतावर नेले, तेव्हा पहिल्याच सकाळी ती जुन्या चालीने मागे वळली. सुदैवाने खिशात फुटाणे होते.