इलेक्ट्रिक गाडी ओढत नाही? आधी या चुका टाळा

पुढे लांबलचक ट्रक, समोरून काहीच येत नव्हतं. मी ओव्हरटेकला गाडी काढली, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि काटा 70 वरून जेमतेम 78 वर गेला. ट्रकच्या मागच्या चाकाशी समांतर आलो, तेव्हा लांबवर समोरून दिवे दिसले. पाय काढला, पुन्हा ट्रकच्या मागे आलो. छातीची धडधड बराच वेळ थांबली नाही. मग मीटर पाहिला: चार्ज 9 टक्के, मोड इको. गाडीत काहीही बिघाड नव्हता. पॉवर कमी केल्याचं चिन्ह मीटरवर होतं, ओव्हरटेकआधी मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

म्हणून माझ्या मते सगळ्यात धोक्याची चूक हीच: चार्ज तळाला असताना गाडीकडून नेहमीचा पिकअप मागणं. बॅटरी रिकामी होत आली की तिचं व्होल्टेज उतरतं. त्यात जोरात करंट ओढला तर ते आणखी खाली जातं आणि सेल खराब होऊ शकतात. त्यामुळे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, पॉवर आपणहून छाटते. काही गाड्यांत तेव्हा मीटरवर कासव उमटतं. ही छाटणी किती टक्क्यांवर सुरू होते ते प्रत्येक गाडीत वेगळं असतं, मॅन्युअलमध्ये शोधा. मी स्वतः 20 टक्क्यांखाली दोन पदरी रस्त्यावर ओव्हरटेक करत नाही.

वीज वाचवण्यासाठी पॉवर आखडणाऱ्या इको मोडचंही तसंच. काही गाड्यांत पेडल पूर्ण दाबलं की इकोची मर्यादा सुटते, काहींत सुटत नाही. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे मोकळ्या रस्त्यावर एकदा करून बघा. ट्रकच्या बाजूला असताना ते कळून उपयोग नाही.

दुसरी चूक घेतानाच होते: टॉप स्पीडवरून गाडीचा दम ठरवणं. डासिया स्प्रिंग ही युरोपातली स्वस्त इलेक्ट्रिक गाडी. तिच्या 2024 च्या मॉडेलच्या 45 आणि 65 हॉर्सपॉवरच्या दोन्ही आवृत्त्यांचा टॉप स्पीड 125 होता, पण शून्य ते 100 गाठायला पहिलीला 19.1 सेकंद लागत, दुसरीला 13.7. टॉप स्पीडचा आकडा सारखा, रस्त्यावरचा अनुभव अगदी वेगळा. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत गिअर एकच असतो आणि टॉप स्पीडवर सॉफ्टवेअरचा लगाम असतो. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, देते, म्हणून सिग्नलला गाडी टुणकन पुढे जाते. मोटर ठरावीक गतीच्या पुढे फिरू लागली की मात्र टॉर्क उतरत जातो, आणि छोट्या मोटरच्या गाडीत हे 80 च्या पुढे स्पष्ट जाणवतं. टेस्ट ड्राइव्हला सिग्नलच्या पिकअपवर खूश होऊ नका. चार माणसं बसवा, एसी लावा आणि 60 वरून 90 ला जायला किती वेळ लागतो ते मोजा. रोजच्या वापरात हाच आकडा कामाचा.

आता रेंज. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 ऐवजी 120 ने गेलात तर तो सव्वादोन पट होतो आणि केवळ हवा कापायला लागणारी पॉवर जवळपास 3.4 पट. उलट कंपनी सांगते ती रेंज ज्या प्रयोगशाळेतल्या चाचणीतून येते, त्या डब्ल्यूएलटीपी चाचणीचा सरासरी वेग ताशी 46.5 किलोमीटर आहे, तीही 23 अंश तापमानात. त्यामुळे तासभर 110 ने पळवून रेंज घटली, तर बॅटरी गेली असं समजू नका. तोच रस्ता 80 ते 90 ने चालवून पुन्हा मोजा. छतावरचा कॅरिअर रिकामा असला तरी हवा अडवतो, काम झालं की उतरवा.

मीटर 100 दाखवतो आणि जीपीएस 95, हा दोष नाही. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही असा युरोपातला नियम आहे, थोडं जास्त दाखवायला मुभा आहे.

शंभर टक्के चार्ज करून निघाल्यावर ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी नेहमीसारखी आवळत नाही, तेव्हा ‘ब्रेक गेले’ म्हणून अनेक जण घाबरतात. एरवी पाय काढला की मोटर उलट वीज बनवून बॅटरीत भरते आणि त्यानेच गाडी हळू होते. भरलेल्या बॅटरीत ही परत आलेली वीज घ्यायला जागा नसते, थंडीतही ती कमी घेते. पायाखालचा ब्रेक शाबूत असतो, फक्त तो आधीपासून दाबायची तयारी ठेवा.

तापलेली बॅटरी हे गाडी न ओढण्याचं आणखी एक कारण. लागोपाठ फास्ट चार्जिंग आणि मध्ये सुसाट ड्रायव्हिंग केलं की पॉवर आणि चार्जिंगचा वेग दोन्ही उतरतात, विशेषतः लिक्विड कूलिंग नसलेल्या गाड्यांत.

मग खरा बिघाड ओळखायचा कसा? चार्ज 50 टक्क्यांच्या वर, मोड नॉर्मल, हवामान सौम्य, टायरमध्ये हवा बरोबर, आणि तरी गाडी ओढत नसेल तर शंका घ्या. थोडं चालवून थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, टेकवू नका. एकाच चाकातून जास्त धग येत असेल तर तिथला ब्रेक चिकटलेला असण्याची शक्यता आहे, गाडी तशीच दामटू नका. बाकी वेळी सर्व्हिसला जाताना ‘पिकअप नाही’ एवढंच सांगू नका. किती वेगाला, किती टक्के चार्जला, कोणत्या मोडमध्ये आणि किती तापमानात असं झालं ते लिहून न्या. शेजारी कोणी बसलं असेल तर त्यांना त्याच वेळी मीटरचा फोटो काढायला सांगा.