कुत्र्याला कच्चा मासा द्यायचाय? सांगलीच्या बाजारात पिशवी घेऊन निघण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी मासा नाही, कुत्रं बघा. लहान पिल्लू, गाभण कुत्री, म्हातारं झालेलं किंवा कसल्यातरी आजारावर स्टेरॉइड चालू असलेलं जनावर असेल तर कच्च्याचा नाद सोडा, उकडून द्या, विषय संपला. घरात रांगणारं बाळ असेल किंवा कुणाची केमो चालू असेल तरी तेच, कारण कुत्रं खातंय आणि त्याच तोंडानं बाळाचा गाल चाटतंय, आणि साल्मोनेला हा जंतू असा की कुत्र्यात काहीच लक्षण दिसत नाही पण घरातलं माणूस आडवं होतंय. अमेरिकेतल्या व्हेट लोकांची संघटना, एव्हीएमए, कुत्र्या-मांजराला कच्चं मांस-मासे नकोतच म्हणते. मी तेवढी कडक नाही, पण कच्चं द्यायचंच ठरलं असेल तर मग अर्धवट तयारी चालत नाही.

दुसरं बघायचं ते घरातला फ्रीज. माशातले जंत मारायला अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिकडच्या अन्न-औषध खात्याचा नियम आहे उणे २० डिग्रीला सलग ७ दिवस, आणि एका दाराच्या फ्रीजमधी वर जो बर्फाचा कप्पा असतो तो तिथंपर्यंत जातच नाही, त्यात उन्हाळ्यात लाईट गेली की संपलंच. त्यामुळं वेगळा डीप फ्रीजर असेल तर बोला, आत दोनशे-तीनशे रुपयाचा फ्रीजर थर्मामीटर टाकून ठेवा आणि आकडा स्वतः बघा, बाहेरच्या नॉबवर विश्वास नको. आणि हे पक्कं डोक्यात ठेवा की गोठवल्यानं जंत मरतात, जंतू नाही. साल्मोनेला, लिस्टेरिया थंडीत नुसते गप पडून राहतात, वितळलं की परत जागे.

आता मासा कुठला. नदीचा, तळ्याचा मासा कच्चा द्यायचा नाही, मग तो कृष्णेचा असो, वारणेचा असो की कोयनेच्या बॅकवॉटरचा, कितीबी ताजा फडफडता असला तरी. याची कारणं एक नाही, तीन-चार आहेत. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस हे सगळे कार्पच्या कुळातले, आणि या कुळातल्या बऱ्याच माशांत थायमिनेज नावाचं एंझाइम असतं जे अंगातलं बी-१ जीवनसत्त्व तोडून टाकतं. एखाद्या वेळी एक तुकडा खाल्ला तर काय होत नाही, पण रोज कच्चा चालू ठेवला की हळूहळू कुत्रं खायचं सोडतं, चालताना झोकांड्या जातात, पुढं फिट्सपण येतात. गोठवून हे एंझाइम जात नाही, शिजवल्यावरच जातं. मरळ तर अजून वेगळं प्रकरण, त्यात ग्नॅथोस्टोमा जंताची अळी असू शकते आणि हा जंत मोठा होतो तो कुत्र्या-मांजराच्याच पोटात. वर नदीच्या माशाच्या तोंडात किंवा पोटात तुटलेला गळ सापडतो, तो कुत्र्यानं गिळला की थेट ऑपरेशन. आणि नदीत मळी-सांडपाणी उतरल्यावर काठाला मेलेले मासे लागतात ना, ते फुकट मिळतात म्हणून कुत्र्याला आणणारे लोक आहेत, त्यांना काय बोलावं. कारवानीला, म्हणजे आपल्याकडच्या शिकारी जातीच्या कुत्र्याला, फिरवायला घाटावर नेत असाल तर पट्टा सोडू नका, त्याला असला मासा लांबूनच कळतो.

मग राहिला समुद्राचा. सांगलीला हा आंबा घाट चढून येतो, कराड-साताऱ्याकडं चिपळूणवरनं कुंभार्लीनं, म्हणजे होडीतनं उतरल्यापासनं आपल्या पिशवीत पडेपर्यंत बर्फ किती वेळा बदलला हाच खरा प्रश्न. बांगडा, कुपा, तारली असल्या माशांत बर्फ कमी पडला की हिस्टामाइन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, आणि ते एकदा झालं की गोठवा, उकळा, तळा, जात नाही. म्हणून बांगडा स्वस्त असला तरी कच्च्यासाठी मी त्याला हात लावत नाही. तारली, पेडवे हेरिंगच्या कुळातले, त्यांच्यात परत ते थायमिनेजचं लफडं. बोंबील म्हणजे बहुतेक सगळं पाणीच, इतका लवकर उतरतो की घाट चढल्यावर कच्चा द्यायच्या लायकीचा राहत नाही. मुशी आणि मोठी सुरमई, मोठे कुपे, म्हणजे दुसरे मासे खाऊन जगणारे, त्यांच्यात पारा साठतो, ते वारंवार नको. सुका मासा, खारा बांगडा तर कुत्र्याला अजिबात नको, मीठ फार. उरतो रावस, किंवा छोटं पापलेट, पण पापलेट घरातल्या माणसांनाच पुरत नाही तर कुत्र्याला कोण देतंय, म्हणजे फिरून रावसच.

रावसला हॉटेलवाले इंडियन सालमन म्हणतात म्हणून काही लोक घाबरतात. कुत्र्यांचा जो सालमन पॉयझनिंगचा आजार आहे तो अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडच्या खऱ्या सालमन-ट्राउटचा, त्यातल्या एका चपट्या जंताच्या आत जंतू असतो, तिकडच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीशिवाय त्या जंताचं चक्र पूर्ण होत नाही, आणि उपचार नाही झाले तर बहुतेक कुत्री दोन आठवड्यांत जातात. आपल्या रावसचा त्याच्याशी संबंध नाही. पुण्या-मुंबईतनं पॅकबंद सालमन आणणार असाल तर मात्र लेबलवर कुठल्या देशाचा ते वाचा, आणि पॅसिफिकचा असेल तर कच्चा देऊच नका.

बाजारात सकाळी लवकर जा, घरनं थर्मोकोलचा डबा न्या, मासेवाल्या मावशीला सरळ विचारा की माल आज उतरलाय का कालचा, नेहमीचं गिऱ्हाईक असाल तर ती खोटं बोलत नाही. कल्ले उचलून बघा, लालभडक पाहिजेत, तपकिरी नको. डोळा फुगीर आणि स्वच्छ, बोटानं दाबल्यावर खड्डा लगेच भरून यायला पाहिजे, वास समुद्राचा यावा, अमोनियाचा नाही. अंग ताठ पण डोळे मेलेले, समुद्राचा वासच नाही आणि माशीपण बसत नाही असा मासा दिसला तर मासा टिकवायला मारतात त्या फॉर्मॅलिन रसायनाची शंका घ्या, २०१८ मधी गोव्यात यावरनं केवढा गदारोळ झाला होता. कोचीच्या सीआयएफटी या सरकारी मासे-संशोधन संस्थेनं ते तपासायची कागदी पट्टी काढली आहे, मिळाली तर एकदा वापरून बघा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताजा म्हणून जे विकतात ते बहुतेक कोल्ड स्टोरेजचं, ते दोन महिने कच्चं बंदच ठेवा.

साफ करताना पोटातलं सगळं काढून घ्या, डोकं नको, जंत आतड्याच्या बाजूलाच जास्त असतात. कातडी काढा, मधला काटा सोडवा, बोटं फिरवून बारीक काटे चिमट्यानं ओढा. शिजवलेल्या काट्यापेक्षा कच्चा मऊ असतो हे खरं, तरी घशात अडकायचा तो अडकतोच. छोटे छोटे चपटे तुकडे करून एका वेळेपुरत्या पुड्या बांधा, तारीख लिहा, फ्रीजरला टाका, आणि ७ दिवस मोजायचे ते पुडी पूर्ण कडक झाल्यावर. वितळवायचं खालच्या कप्प्यात झाकून, ओट्यावर नाही, एप्रिलमधी सांगलीत ओट्यावर अर्धा तास म्हणजे काय होतं ते सांगायला नको. मीठ-हळद, आलं-लसूण काहीच लावायचं नाही, लसूण-कांदा कुत्र्याला विषच आहे.

पहिल्यांदा नखाएवढा तुकडा, मग दोन दिवस काहीच नवीन नाही, खाज, जुलाब, उलटी बघत राहायचं. पुढं सवय झाली तरी दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांच्या वर नको, आणि तेही आठवड्यातनं एखाद-दुसऱ्या वेळी. भांडं, सुरी, फळी गरम पाण्यानं साबण लावून धुवा, फळी वेगळीच ठेवली तर बरं. अर्ध्या तासात नाही संपवलं तर उचलून टाका, मांजरांसाठी दारात ठेवू नका.

डॉक्टरांचा नंबर आधीच फोनमधी घ्या आणि जंताच्या औषधाचं वेळापत्रक त्यांच्याकडनंच ठरवा, नेहमीच्या गोळीत फीतजंताचं औषध आहे का ते विचारा कारण सगळ्यांत नसतं. ताप, सतत उलट्या, रक्ताचे जुलाब, तोंड सुजणं किंवा झोकांड्या, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. जाताना कुठला मासा, कधी आणला, किती दिला हे कागदावर लिहून न्या, फ्रीजरमधी शिल्लक पुडी असेल तर तीपण बर्फात घालून सोबत घ्या. जिल्ह्याबाहेर मोठ्या ठिकाणी न्यायची वेळ आली तर साताऱ्याच्या शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज आहे, पण सांगलीतनं अंतर बरंच आहे, तेव्हा आधी जवळच्या डॉक्टरकडनं सलाईन लावून मगच गाडी काढा.